तळ्यावरचं बर्फाचं चाक

सिल्वीशी माझं पहिलं भांडण धिरड्यावरून झालं.

मी गावच्या शाळेत स्वयंपाक करायची आणि ती तिथेच गणित शिकवायची. गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि त्यावर जाम लावलेलं गोड धिरडं, हा आमच्याकडचा जुना नेम. एका गुरुवारी माझा मोठा तवा तडकला. म्हणून मी अर्ध्या मापाच्या तव्यावर धिरडी घातली आणि एकाऐवजी दोन-दोन वाढली. झालं! सगळी चौथी ताटल्या घेऊन माझ्यासमोर उभी.

"हेलेवीकाकू, दोन नाही, चार पाहिजेत."

"का रे, पोटाला भोक पडलंय का?"

"तवा अर्धा झाला की धिरडं पाव होतं. सिल्वीबाईंनी शिकवलंय."

मी तशीच डाव हातात घेऊन वर्गात गेले. सिल्वीनं शांतपणे फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढलं, त्याच्या पोटात दोन छोटी वर्तुळं शेजारी शेजारी बसवली, आणि वरखाली उरलेल्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "हे कुठे गेलं, हेलेवी?" मी परत गेले आणि चार-चार वाढली. त्या दिवसापासून आमची मैत्री झाली. तिच्या नवऱ्याची गोष्ट सांगायची तर सुरुवात तिच्यापासूनच करावी लागते, आणि त्याला ते आवडलं असतं.

नवरा म्हणजे आर्मास. डेअरीची दुधाची गाडी चालवायचा. धिप्पाड, संथ, आणि बोलण्यात इतका कंजूष की त्याचा कुत्रा शेजारपाजारी गप्पा मारायला जातो असं लोक म्हणायचे. गणिताशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. सिल्वी जेवताना सांगायची, "या माणसाला त्रिज्या विचारली की हा विचारतो, कुठल्या गावाला आहे." आर्मास बटाटा सोलत हसायचा. त्याला तिचं बोलणं ऐकायला आवडायचं. तिनं पाढे म्हटले असते तरी त्यानं ऐकले असते.

उपासाच्या दिवसांआधीच्या रविवारी आमच्याकडे सगळे घसरगाड्या घेऊन टेकडीवर जातात. पण त्याला टेकडी लागते. आमच्या तळ्याचा काठ तळहातासारखा सपाट. एका वर्षी सिल्वी कुरकुरली, की पोरांनी घसरायचं तरी कुठून? आर्मास दोन दिवस गप्प राहिला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तळ्यावर चाक करू." गोठलेल्या तळ्यात मोठं वर्तुळ कापायचं. कापलेली चकती पाण्यावर तरंगत राहते. तिच्या कडेजवळ भोक पाडून त्यात होडीची छोटी मोटर सोडली की सगळी चकती माणसांसकट गोल गोल फिरते. उत्तरेकडे त्यानं असं कुणीतरी केलेलं पाहिलं होतं.

मग सिल्वी कागद घेऊन बसली. दहा मीटरची दोरी धरली तर किती कापावं लागेल? दहाची दुप्पट वीस, वीस गुणिले तीन पूर्णांक चौदा शतांश, म्हणजे त्रेसष्ट मीटरला थोडं कमी. त्यावर जागा किती? दहा गुणिले दहा गुणिले पुन्हा तोच आकडा, म्हणजे तीनशे चौदा चौरस मीटर. सगळी शाळा मावेल. बर्फ अर्धा मीटर जाड धरलं तर वजन? तिनं आकडा काढला आणि आर्मासला त्याच्या भाषेत सांगितला, "तुझ्या दुधानं भरलेल्या पाच गाड्या." आर्मासनं शीळ घातली.

असं ते चाक सुरू झालं. आधी शाळेची पोरं यायची आणि काठी घेऊन परीघ मोजायची. मग शाळा बंद पडली. मग एकेक घर बंद पडलं. तळ्याच्या या अंगाला माझं घर आणि त्या अंगाला त्यांचं, एवढीच दोन धुराडी हिवाळ्यात चालू राहिली. पण चाक चुकलं नाही. दोघांनी मिळून ते कापायचं, रविवारी मी सुपाचं पातेलं घेऊन जायचं, आणि तिघांनी खुर्च्या टाकून कॉफी पीत फिरायचं. आम्ही एकाच जागी बसलेलो आणि सगळा काठ पुढून सरकत जायचा. माझं घर, जंगल, त्यांचं घर, बंद घरं, पुन्हा माझं घर. सिल्वी म्हणायची, "बघ, सगळीकडे फिरून आलो आणि बूटसुद्धा झिजले नाहीत."

रेघ आखायचं काम मी खिडकीतून कितीतरी वर्षं पाहिलं. सिल्वी मधोमध स्कीची काठी रोवून उभी राहायची. दोरीचं एक टोक त्या काठीला. दुसरं टोक आर्मासच्या कमरेला, आणि त्याच्या हातात लोखंडी अणी. तो मान खाली घालून बर्फावर रेघ ओढत चालायचा. ती ओरडायची, "ताणून धर, आर्मास! ढिली पडली!" तो आणखी मागे रेलायचा. रेघ सुरुवातीला येऊन बरोब्बर मिळायची. मग ती म्हणायची, "तू त्रेसष्ट मीटर चाललास, मी पाऊलभर जागेत, आणि दोघं एकाच वेळी घरी पोचलो."

दोन वर्षांपूर्वी, थंडीच्या तोंडावर, जंगलात लाल लिंगनबेरी तोडायच्या दिवसांत, सिल्वी गेली. छातीत कळ आली आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. त्या हिवाळ्यात चाक झालं नाही. तळं कोऱ्या पाटीसारखं पडून राहिलं. मी सूप केलं नाही, कारण कुणासाठी करायचं?

पुढच्या पावसाळी दिवसांत आर्मास सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवरून घसरला आणि त्याचा खांदा निखळला. मुलगा रिस्तो दूर तुर्कू शहरात असतो. तो फोनवरून मागे लागला. आर्मासला कमी ऐकू येतं, म्हणून तो फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावतो. त्यामुळे त्याच्या घरातली कुठलीही गोष्ट माझ्यापासून लपत नाही. मी त्या दिवशी त्याच्याकडे राय धान्याचा काळा पाव द्यायला गेले होते.

"बाबा, वसंतात घर विकून इकडे ये. आमच्या इमारतीखालीच वयस्कांसाठी खोल्या आहेत. मी रोज येईन."

"मला इथे काय झालंय?"

"एकटा आहेस. तेच झालंय."

आर्मास चिडला. तो चिडला की कान लाल होतात, आवाज चढत नाही. "हे बघ रिस्तो. या हिवाळ्यात मी चाक करणार. एकट्यानं. फिरलं तर तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस. नाही फिरलं, तर वसंतात येतो."

"नक्की?"

"आपल्या घरात खोटं बोलतात का?"

मी पाव टेबलावर ठेवला आणि घरी परतले. खोटं कशाला सांगू? आर्मास गेला असता तर तळ्यावर माझं एकटीचंच धुराडं उरलं असतं. सकाळी उठून मी आधी त्याचा धूर बघते आणि मग कॉफी ठेवते. मला ते चाक फिरायला हवं होतं. त्याच्यापेक्षा जास्त मलाच हवं होतं.

बर्फ पुरेसं जाड झाल्यावर तो कामाला लागला. गिरमिटानं मधोमध भोक पाडलं, त्यात बर्च झाडाचा जाडजूड खुंट उभा केला आणि रात्रभर गोठू दिला. सकाळी मी चालत गेले.

"मी मधे उभी राहते की. सिल्वीसारखी. त्यात काय एवढं?"

"एकट्यानं म्हणालोय."

"रिस्तोला काय दिसणार आहे तुर्कूहून?"

"मला दिसेल ना. जा घरी, हेलेवी. गारठशील."

मी गेले, पण खिडकीशीच बसले. त्यानं दोरीचं टोक खुंटाला घट्ट बांधलं, दोन-दोनदा गाठ मारली, आणि अणी घेऊन निघाला. मान खाली, पूर्वीसारखीच. अर्धी फेरी, पाऊण फेरी. मग तो सुरुवातीच्या खुणेपाशी थांबला आणि किती वेळ तिथेच उभा राहिला. नंतर कळलं, रेघ मिळालीच नव्हती. सुरुवातीपासून फूटभर आत येऊन पोचली होती. त्यानं ठरवलं की म्हातारे पाय वाकडे पडले. शेवटी तिरकी रेघ मारून दोन्ही टोकं जोडून टाकली आणि यंत्राची करवत सुरू केली.

ते कापणं म्हणजे जिवाचं काम. करवतीला खायचं तेल घालावं लागतं, नाहीतर पाणी नासतं. एक रेघ कापून भागत नाही. चार बोटं सोडून दुसरी कापायची आणि मधलं बर्फ फोडून खाली ढकलायचं, नाहीतर रात्रीत सगळं पुन्हा चिकटतं. आखडलेला खांदा घेऊन तो तीन दिवस ते करत होता. संध्याकाळी त्याचा दिवा लवकर मालवायचा. चौथ्या दिवशी त्यानं मोटर लावली. चाक कण्हलं, वीतभर सरकलं आणि अडकलं. मोटर घुमत राहिली. चाक जागचं हललं नाही.

मी मफलर गुंडाळून धावत गेले. तो खुर्चीवर बसला होता. एकाच खुर्चीवर, कारण दुसरी त्यानं आणलीच नव्हती.

"पाय वाकडे पडले, हेलेवी. संपलं."

त्याचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी खेकसले. "वाकडे पाय पडले तर रेघ कधी आत जाईल, कधी बाहेर. दारू प्यायलेल्या माणसासारखी. टेप आहे का? आण इकडे."

आम्ही खुंटापासून कडेपर्यंत मोजलं. सुरुवातीला पुरते दहा मीटर. पाव फेरीवर आठ सेंटिमीटर कमी. अर्ध्या फेरीवर सोळा कमी. शेवटाला एकतीस. रेघ एकदाही बाहेर गेली नव्हती. सगळी वाट ती मुकाट्यानं आत आत येत गेली होती, गोगलगाईच्या पाठीवरच्या रेघेसारखी. असलं चाक आपल्याच भोकात कसं फिरणार? त्याचा रुंद भाग अरुंद जागेत जाऊन बसणारच.

मी खुंटाकडे पाहिलं. दोरी तिथेच गोठून पडली होती. तिचा एक पुरा वेढा खुंटाला बसला होता. मी त्या खुंटाभोवती टेप फिरवला. एकतीस.

"आर्मास," मी म्हटलं, "माझी ओमेना आठवते?"

"गाय?"

"उन्हाळ्यात मी तिला खुंटाला बांधायची. ती चरत चरत एकाच दिशेनं फिरायची आणि संध्याकाळी नाक खुंटाला लावून हंबरत उभी. सगळी दोरी गुंडाळून घ्यायची. तू तेच केलंस. जेवढा खुंटाचा घेर, तेवढी दोरी एका फेरीत आखूड झाली."

तो टेपाकडे बघत राहिला. "पण इतकी वर्षं कधी गुंडाळली नाही."

"कारण सिल्वी म्हणजे खुंट नव्हती."

"ती नुसती उभी असायची."

"नाही रे बाबा. तू मान खाली घालून रेघ बघायचास. मी काठावरून तुम्हा दोघांना बघायची. काठी हातात धरून ती काठीसकट तुझ्याबरोबर फिरायची. तू जिथे जाशील तिकडे तोंड करून. सबंध फेरी."

हे मी सहज बोलून गेले. तो गणिताचा खुलासा होता, दुसरं काही नव्हतं. पण आर्मासनं हातमोजा काढला आणि उघडा तळवा त्या खुंटावर ठेवला. असल्या थंडीत लाकूडही चावतं. त्यानं हात बराच वेळ काढला नाही.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

मी पुन्हा म्हटलं, "मी उभी राहते. फिरेन तुझ्याबरोबर. चक्कर आली तर आली."

"नको."

तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. पण वाईट वाटून घेत बसायला वेळ नव्हता. मी घरी जाऊन गोठ्यातली ओमेनाची लोखंडी कडी काढून आणली. खुंटाच्या घेराहून ती चांगली मोठी होती. खुंटावर सैल सोडली की दोरीबरोबर नुसती घसरत फिरते, वेढा बसतच नाही. "ही तरी चालेल ना? की हीसुद्धा माणसात मोजतोस?"

त्या दिवसांत तो पहिल्यांदा हसला. "कडी चालेल."

जुनी कापलेली फट गोठून दगड झाली होती. म्हणून त्यानं तिच्या आतून नवं वर्तुळ घेतलं, नऊ मीटरच्या दोरीनं. मी पातेलं घासता घासता सिल्वीच्या रीतीनं हिशोब केला. कापायचं जेमतेम सहा मीटर वाचलं, आणि फिरायची जागा मात्र साठ चौरस मीटर कमी झाली. माझ्या आख्ख्या घराएवढी. तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, धिरड्यावरून शिकलीस हो.

या वेळी रेघ मिळाली. मी खिडकीतून बघत होते. तो खुणेपाशी पोचला, वाकला, अणीनं टोक टोकाला लावलं आणि सरळ झाला. मग सवयीनं मधे पाहिलं. मधे खुंट होता. तो वळला आणि करवत घ्यायला गेला.

रविवारी मी सूप घेऊन गेले. लखलखीत ऊन होतं. त्यानं मोटर लावली. चाक कण्हलं नाही, करकरलं नाही. लोण्यातून सुरी फिरावी तसं सुटलं. आर्मास खुर्चीवर बसला. मी काठाच्या बर्फावर उभी होते, पातेलं छातीशी धरून. आनंदानं मला रडू फुटलं. जिंकले बाई, म्हटलं. त्याचं धुराडं राहिलं.

"फिरतंय!" मी ओरडले. "आर्मास, फिरतंय रे!"

तो माझ्यासमोरून गेला. जंगलाकडे तोंड झालं, मग त्याच्या घराकडे, मग बंद घरांकडे. पुन्हा माझ्यासमोर आला. एक फेरी पुरी झाली आणि त्यानं मोटर बंद केली. पण एवढं वजन काही लगेच थांबत नाही. ते आपलं फिरतच राहिलं, आवाज न करता. तो खुंटाकडे बघत बसला होता.

खिशात फोन वाजला. त्यानं मोठ्या आवाजात लावला. रिस्तो होता.

"काय बाबा, आज रविवार. चाकाचं काय झालं?"

चाक फिरत होतं. माझ्या डोळ्यांदेखत आर्मास त्यावर बसून माझ्याकडे येत होता.

"नाही फिरलं," तो म्हणाला.

"नाही फिरलं?"

"अडकलं. येतो वसंतात. खोलीचं बघून ठेव."

रिस्तो हळूच म्हणाला, "बरं बाबा."

माझा संताप झाला. फोन बंद होईपर्यंत मी कशी थांबले, माझं मला माहीत. "खोटारड्या! फिरलं की! मी काय आंधळी आहे? आपल्या घरात खोटं बोलत नाहीत म्हणे! कडी माझी, टेप मी लावला, आणि तू..." मी पातेलं दाणकन बर्फावर ठेवलं. "मग केलंस कशाला?"

चाक थांबत आलं होतं. तो खुर्ची उचलून फट ओलांडून माझ्याजवळ आला.

"मला वाटलं होतं, ती मधे नसेल तर फिरणार नाही," तो म्हणाला. "पहिल्यांदा अडकलं तेव्हा, खरं सांगू, बरं वाटलं होतं. पण तिच्यावाचूनही फिरतं, हेलेवी. चांगलं फिरतं. ते बघत इथे राहायचं मला जमणार नाही."

मी पातेल्याचं झाकण काढलं आणि त्याला सूप वाढलं. दोघांनी उभ्यानंच खाल्लं.

मे महिन्यात बर्फ गेलं आणि आर्मासही गेला. कडी तळाशी गेली असेल. खुंट वाहत वाहत माझ्या काठाला लागला. तो मी वाळवून सौनाच्या लाकडांत ठेवला आहे. त्याच्या आजूबाजूची सगळी लाकडं जाळून संपली, तो तसाच आहे.

या हिवाळ्यात, त्याच रविवारी, त्याचा तुर्कूहून फोन आला. आता तो जास्त बोलतो. तिथे बोलावंच लागतं म्हणाला.

"बर्फ किती आहे?"

"अर्धा मीटर सहज."

"मग कर ना चाक. तुला सगळं माहीत आहे आता."

"मी मधे उभी राहीन," मी म्हटलं. "मला ते जमेल. दोरीचं दुसरं टोक कुणाच्या कमरेला बांधू?"

त्याच्या मागे कुठेतरी ताटल्यांचा आवाज येत होता. मग त्यानं विचारलं, वाटाण्याचं सूप केलंस का. केलं होतं, मोठं पातेलं भरून, कारण शाळेत इतकी वर्षं काढल्यावर कमी माणसांचं करता येत नाही. ते मला आठवडाभर पुरलं.